ज्योतीचे अस्सल कागद : स्क्रॅमजेटच्या इतिहासातून गाळलेल्या पानाविषयी

#धागा

१/
‘स्क्रॅमजेटचा इतिहास’ या नावाने एक यादी समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असते. १९९१, सोव्हिएत संघ. २००२, ऑस्ट्रेलिया. २००४, अमेरिका. २०१६ आणि २०२०, भारत. प्रत्येक सनापुढे माख अंक आणि ज्वलन किती सेकंद टिकले याचा आकडा. सन बरोबर आहेत, आकडेही बहुधा बरोबर असतात. तरीही या यादीला इतिहास म्हणणे मला मान्य नाही. का मान्य नाही, ते या धाग्यात मांडतो.

२/
पानिपत १७६१ हे पाठ असणे म्हणजे पानिपत समजणे नव्हे, हे इथल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. इंजिनांच्या बाबतीत मात्र आपण सनावळीवर तृप्त होतो. इंजिन उडाले, एवढेच यादी सांगते. आत ज्योत कुठे धरली, कुठे विझली, आणि हे कोणाला कसे कळले, यावर ती गप्प आहे. माझे म्हणणे असे की या इंजिनाच्या इतिहासाचे अर्धे पुस्तक ज्योत पाहायला शिकलेल्या माणसांचे आहे, आणि तेच आपण गाळले आहे.

३/
आधी इंजिन समजून घेऊ. रॅमजेटमध्ये फिरणारी पाती नसतात. पुढून येणारी हवा वेगामुळेच दाबली जाते, मग मंदावते, आणि ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या हवेत इंधन जळते. फ्रान्सच्या रेने लोरॅं यांनी ही कल्पना १९१३ मध्ये मांडली होती. पण माख ६ च्या वेगाने जाणाऱ्या यानात ही हवा पूर्ण थांबवली तर तिचे तापमान १,४०० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचते. वेग आणखी वाढला की इंधनाने द्यायची उष्णता रेणू फोडण्यातच खर्ची पडू लागते. म्हणून उपाय असा निघाला : हवा पूर्ण मंद करूच नये, स्वनातीत प्रवाहातच इंधन जाळावे. हेच स्क्रॅमजेट.

४/
१९५८ मध्ये वेबर आणि मॅके यांनी अमेरिकेच्या नाका संस्थेसाठी या कल्पनेचे सैद्धांतिक गणित मांडले. त्याच सुमारास इटलीहून अमेरिकेत गेलेले अंतोनिओ फेरी तिचा हिरिरीने पुरस्कार करत होते. कागदावर सारे सुरेख होते. अडचण वेळेची होती. एक मीटर लांबीच्या ज्वलनकक्षातून सेकंदाला एक किलोमीटरहून अधिक वेगाने हवा जाते. म्हणजे इंधन शिरणे, मिसळणे, पेटणे आणि जळून संपणे हे सर्व एका सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपायचे! त्यात निसर्गही साथ देत नाही. प्रवाहांतील वेगाचा फरक जसा स्वनातीत होत जातो, तसे त्यांचे मिसळणे मंदावते. पापामोशू आणि रॉश्को यांनी १९८८ मध्ये ते मापून दाखवले.

५/
मग आत काय चालले आहे, हे पाहायचे कसे? तापमापक आत खुपसावा, तर स्वनातीत प्रवाहात त्याच्यापुढे स्वतःचा आघात तरंग उभा राहतो. त्या तरंगामागे हवा तापते आणि मंदावते. एरवी जिथे ज्योत टिकली नसती तिथे ती मापकाच्याच आडोशाला टिकू शकते. साक्षीदार खोलीत शिरला आणि त्याच्या येण्यानेच घटना बदलली, असा हा प्रकार. शिवाय साक्षीदार वितळण्याची शक्यता वेगळीच.

६/
उरली दोन साधने. एक, भिंतीत बारीक छिद्रे पाडून मोजलेला दाब. दुसरे, आउगुस्ट टोप्लर यांनी १८६४ मध्ये घडवलेली श्लीरेन पद्धत, जिच्यात घनतेचे चढउतार छायेसारखे उमटतात. श्लीरेनने मोठी कामे केली, तिचा अवमान मी करणार नाही. पण तिच्या चित्रात कक्षाच्या एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंतचे सर्व थर एकावर एक चढलेले असतात. भिंतीवरचा दाब सांगतो की आत उष्णता सुटली. ती कोणत्या बिंदूवर सुटली, हे तो सांगत नाही.

७/
इतिहासाच्या भाषेत बोलायचे तर भिंतीवरचा दाब ही बखर आहे. घटना घडून गेल्यावर, दुरून, सगळे एकत्र करून सांगितलेली. बखर टाकाऊ नसते. पण राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली ती एवढ्याचसाठी, की त्या दिवशी त्या जागी लिहिलेल्या कागदाची सर बखरीला येत नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत स्क्रॅमजेटचे अभियंते अशा बखरींवरच काम करत होते. ज्योतीचे अस्सल कागद अजून हाती यायचे होते.

८/
न पाहण्याची किंमत काय असते, याचे एक उदाहरण. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी पीट नाइट यांनी रॉकेटवर चालणारे एक्स-१५ विमान माख ६.७ वर नेले. हा विक्रम प्रत्येक यादीत असतो. त्या विमानाच्या पोटाखाली स्क्रॅमजेटची केवळ प्रतिकृती टांगलेली होती. तिच्याभोवतीचे आघात तरंग एकमेकांत गुंतले, त्या जागी उष्णता एकवटली, आधाराला भोके पडली आणि प्रतिकृती तुटून पडली. विक्रम सर्वांना पाठ आहे, ती भोके कोणाला आठवत नाहीत. अभियंत्यांना मात्र त्या भोकांनीच अधिक शिकवले.

९/
आता प्रकाशाकडे वळू. २८ फेब्रुवारी १९२८ हा दिवस आपण दरवर्षी विज्ञान दिन म्हणून साजरा करतो. कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांनी दाखवले की रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, आणि तो बदल त्या रेणूची ओळख सांगतो. आपली शाळेतली गोष्ट १९३० च्या नोबेलपाशी संपते. खरी गोष्ट पुढे चालू राहते. १९६० मध्ये मेमन यांनी पहिला लेसर पेटवला. १९६५ मध्ये फोर्ड मोटर कंपनीच्या प्रयोगशाळेत मेकर आणि टेरह्यून यांना लेसरच्या मदतीने रामन परिणामाचे एक फार प्रबळ रूप सापडले. १९७३ मध्ये फ्रान्सच्या ओनेरा संस्थेतील रेन्ये आणि तारां यांनी ते वायूंच्या मापनासाठी सुचवले.

१०/
त्या पद्धतीला आज ‘कार्स’ म्हणतात. ज्योतीच्या आत, जिथे लेसरकिरण एकमेकांना छेदतात त्या इवल्याशा जागेतील नायट्रोजनचे तापमान ती बाहेरून सांगते. आत काहीही खुपसावे लागत नाही. पुढे व्हर्जिनिया विद्यापीठातील स्वनातीत ज्वलनकक्षात ती वापरली गेली. म्हणजे कोलकात्यात सुरू झालेला रस्ता थेट स्क्रॅमजेटच्या ज्वलनकक्षापर्यंत जातो. रामन यांच्या नावाने छाती फुगवणाऱ्या किती धाग्यांत हा रस्ता दाखवलेला असतो? अभिमान जरूर बाळगावा, पण तो पुढची पाने वाचून बाळगावा.

११/
कार्स एका बिंदूची साक्ष देते. संपूर्ण पानाची साक्ष १९८२ मध्ये मिळाली. त्या एका वर्षात कॅलिफोर्नियाच्या एसआरआय संस्थेतील डायर आणि क्रॉस्ली, स्टॅनफर्ड विद्यापीठातील रोनाल्ड हॅन्सन यांचा गट आणि स्वीडनच्या लुंड येथील गट या तिघांनीही लेसरच्या फ्लुओरेसन्सने ज्योतीतील घटक कुठे कुठे आहेत हे दाखवणारे शोधनिबंध प्रसिद्ध केले. लुंडच्या गटाने ते एका रेषेवर दाखवले, इतर दोघांनी पूर्ण प्रतलावर. ‘पीएलआयएफ’ म्हणून पुढे रूढ झालेल्या प्रतलीय पद्धतीचा हा उगम. त्या वर्षी कोणतेही स्क्रॅमजेट उडाले नाही, म्हणून यादीत १९८२ नाही. माझ्या मते यादीतला सर्वांत मोठा सन तोच आहे.

१२/
ही पद्धत चालते कशी? हायड्रोजन किंवा हायड्रोकार्बन जळताना हायड्रॉक्सिल नावाचा अल्पायुषी घटक तयार होतो. लेसरकिरण भिंगांनी पसरवून कागदासारखा पातळ पडदा करायचा आणि तो ज्योतीतून आरपार न्यायचा. लेसरची तरंगलांबी २८३ नॅनोमीटरच्या आसपास, नेमकी हायड्रॉक्सिलला चेतवील अशी, जुळवायची. चेतलेला हायड्रॉक्सिल लगेच ३१० नॅनोमीटरच्या आसपास स्वतःचा प्रकाश सोडतो. दोन्ही रंग डोळ्यांना न दिसणारे, अतिनील. बाजूला ठेवलेला कॅमेरा फक्त हा दुसरा प्रकाश टिपतो. जिथे लेसरचा पडदा नाही, तिथली ज्योत चित्रात येतच नाही. एकावर एक चढलेले थर सुटे झाले आणि हवे ते पान उघडता येऊ लागले.

१३/
यातला वेळेचा हिशेब करून पाहा. लेसरचा एक स्पंद सुमारे १० नॅनोसेकंदांचा. सेकंदाला एक किलोमीटर धावणारा वायू तेवढ्यात सरकतो मिलिमीटरचा शंभरावा भाग. कॅमेऱ्याची झडप १०० नॅनोसेकंद उघडी राहिली तरी वायूची धाव मिलिमीटरच्या दहाव्या भागापुढे जात नाही. म्हणजे ध्वनीला मागे टाकणारा प्रवाह चित्रापुरता जागच्या जागी उभा राहतो. शिवाय झडप इतकी क्षणिक असल्याने ज्योतीचा स्वतःचा उजेड जवळजवळ पूर्ण बाहेर राहतो.

१४/
या चित्रांनी काय दाखवले? गेर्हार्ड डामक्योलर यांनी १९४० मध्येच म्हटले होते की संक्षुब्ध प्रवाहातले मोठे भोवरे ज्योतीच्या पृष्ठभागाला सुरकुत्या पाडतात, तर लहान भोवरे ज्योतीच्या आत शिरून तिची घडणच बदलतात. लेसरच्या एकेका चित्रात या सुरकुत्या, फाटलेल्या कडा आणि सुटून वाहत गेलेले तुकडे प्रत्यक्ष दिसू लागले. त्याच चित्रांची शेकड्यांनी सरासरी काढली की पसरट, मऊ, शांत ज्योत दिसते. ती ज्योत कोणत्याही क्षणी अस्तित्वात नव्हती! सरासरी उपयोगी असते, पण तिला घटना समजणे ही इतिहासातही चूकच आणि ज्वलनातही.

१५/
आता त्या लोकप्रिय उपमेचा समाचार घेऊ. स्क्रॅमजेट म्हणजे ‘चक्रीवादळात मेणबत्ती पेटती ठेवणे’, हे वाक्य जगभरच्या बातम्यांतून आपल्याकडे आले आणि इथेच मुक्कामाला राहिले. उपमा नाट्यमय आहे, पण ती युक्तीच लपवते. वाऱ्यात दिवा टिकवायचा तर आपल्या जुन्या घरांतून काय करत? भिंतीत देवळी कोरत आणि दिवा तीत ठेवत. अनेक स्क्रॅमजेटमध्ये नेमके तेच करतात. ज्वलनकक्षाच्या भिंतीत पोकळी असते. मुख्य प्रवाह तिच्यावरून निघून जातो, आत तप्त वायू गोल फिरत राहतो आणि ताज्या मिश्रणाला सतत पेटवतो. देवळीतली ही ज्योत कुठल्या काठाला धरते, इंधन वाढवले की कशी सरकते, कधी विझते, हे लेसरच्या पडद्याने दाखवले. वादळाशी झुंजणारी एकटी मेणबत्ती तिथे नसते.

१६/
पहिला आक्षेप येईल तो असा : ‘लेसरचे कौतुक पुरे. मॉस्कोच्या सीआयएएम संस्थेचे खोलोद २८ नोव्हेंबर १९९१ रोजी उडाले. त्यांनी तुमच्या चित्रांची वाट पाहिली का?’ नाही पाहिली. अभियंता अनेकदा डोळ्यांच्या पुढे धावतो, हे मान्य करायलाच हवे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. १९९१ च्या उड्डाणानंतर ११ वर्षांनी, ३० जुलै २००२ रोजी, ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथून क्वीन्सलँड विद्यापीठाचे हायशॉट उडाले, आणि उड्डाणातील पहिले स्वनातीत ज्वलन आपले, असा दावा त्या गटानेही केला. एका घटनेला दोन ‘पहिले’ कसे?

१७/
कारण पुरावा अप्रत्यक्ष होता. इंजिन उडाले, हे डोळ्यांना दिसते. आत ज्योत स्वनातीत प्रवाहातच जळत होती, हे सिद्ध करावे लागते. हायशॉटने त्यासाठी सुरेख योजना केली : दोन सारखे मार्ग, एकात इंधन, दुसरा कोरा, आणि दोन्हींच्या भिंतींवरच्या दाबांची तुलना. योजना प्रामाणिक आणि चतुर आहे, पण साधन तेच, भिंतीवरचा दाब. ‘पहिले कोण’ हा वाद राष्ट्राभिमानाने सुटत नाही. तो साधनांच्या चिकित्सेने सुटतो, आणि यादी नेमकी ती चिकित्साच करू देत नाही.

१८/
दुसरा आक्षेप : ‘आता संगणक सगळे सांगतो.’ संगणक सांगतो, पण तो खरे सांगतो की नाही हे कोण ठरवणार? इंजिनातील प्रत्येक लहान भोवऱ्याचा हिशेब आजही परवडत नाही, म्हणून त्यांच्या जागी प्रतिमाने बसवतात, आणि प्रतिमानाची परीक्षा मोजमापानेच होते. १९९६ मध्ये नेपल्स येथे संक्षुब्ध ज्योतींवरील एक कार्यशाळा भरली आणि पुढे तिची परंपराच झाली. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतील बार्लो आणि फ्रँक यांनी ठरावीक ज्वालकांवरची लेसर-मोजमापे सर्वांसाठी खुली केली. जगभरचे संगणककार तीच ज्योत आपापल्या गणिताने रचून त्यांच्याशी ताडून पाहू लागले. त्या ज्योती स्वनातीत नव्हत्या, पण रीत हीच.

१९/
तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ही चित्रेही निर्दोष नाहीत. बरोबर. त्यांतले लाल-पिवळे रंग संगणकाने भरलेले असतात. हायड्रॉक्सिल जळून गेलेल्या तप्त वायूतही रेंगाळतो, म्हणून जिथे तो दिसेल तिथे या क्षणी ज्वलन चालूच असेल असे नाही. इतर रेणूंशी टक्कर होऊन त्याचा उजेड विझतो, म्हणून चित्रातली प्रखरता म्हणजे सरळ प्रमाण नव्हे. आघात बोगद्यात प्रयोग काही मिलिसेकंदच चालतो. जिथे इंधन जाळून हवा तापवतात तिथे त्या हवेत पाण्याची वाफ मिसळते आणि ज्वलनच बदलते. व्हर्जिनियात हवा विजेवर तापवतात ती यासाठीच. शिवाय लेसरचा हा सारा सरंजाम उडत्या यानात बसवणे फार कठीण. पण या मर्यादा उघड मांडता येतात, हेच अस्सल साधनाचे लक्षण. कागदाचीही चिकित्सा करावी लागते, म्हणून कोणी बखरीकडे परत जात नाही.

२०/
घोषणा आणि ज्ञान यांतले अंतर पाहा. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी काँग्रेससमोरील भाषणात दोन तासांत टोकियो गाठू शकणाऱ्या विमानाचे स्वप्न दाखवले. एक्स-३० हा तो प्रकल्प. १९९० च्या दशकात तो एकही उड्डाण न होता गुंडाळला गेला. पुढे १३ जून २०११ रोजी एक्स-५१ए च्या दुसऱ्या चाचणीत इंजिन इथिलिनवर पेटले, पण मुख्य इंधनावर जाताना प्रवेशमार्गातला प्रवाहच कोलमडला. १ मे २०१३ रोजी तेच यान माख ५.१ ला पोहोचले आणि इंजिन सुमारे साडेतीन मिनिटे चालले. या दोन चाचण्यांतला फरक ज्योत आत कशी बसते, यात आहे. माख अंकाच्या रकान्यात तो कसा दिसणार?

२१/
आता घरचा विषय. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपल्याकडे अजून पुरावा म्हणून सांगितली जाते, आणि तिच्या जोडीला ‘वैमानिकशास्त्र’ हा ग्रंथ पुढे केला जातो. १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच जणांनी तो ग्रंथ तपासला आणि तो विसाव्या शतकातलाच असून त्यातली याने उडण्यासारखी नाहीत, असा निष्कर्ष दिला. त्या पाचांपैकी एच. एस. मुकुंद हे ज्वलनशास्त्राचे अभ्यासक. ज्याने आयुष्य ज्योत तपासण्यात घालवले त्याने ग्रंथही त्याच कसोटीवर घासला. ‘उडाले का?’ याच्या आधी ‘तुम्हाला कसे कळले?’ हे विचारणे, ही ती कसोटी.

२२/
तीच कसोटी खऱ्या यशालाही लावायला हवी. २८ ऑगस्ट २०१६ रोजी इस्रोची स्क्रॅमजेट चाचणी झाली, ज्वलन ५ सेकंद. ७ सप्टेंबर २०२० रोजी डीआरडीओच्या यानात ते २० सेकंदांहून अधिक. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादेत जमिनीवर १,००० सेकंदांच्या पुढे. ही कामगिरी मोठी आहे आणि ती खरी आहे. पण बातमी सेकंदांवर सुरू होऊन सेकंदांवरच संपते, आणि आपले धागे ती जशीच्या तशी उचलतात. दाब, तापमान, ज्योतीची जागा कशाने मोजली, यावर एक ओळ नसते. लष्करी गुप्तता मला समजते. आपल्या कुतूहलाचा अभाव मात्र गुप्ततेत मोडत नाही.

२३/
यात पणाला काय लागले आहे? या धाग्याचे वाचक उद्या प्रयोगशाळेत, संपादनात किंवा पैशाचे वाटप करणाऱ्या कचेरीत बसतील. इतिहास म्हणजे विक्रमांची यादी, असे शिकलेली पिढी पैसा उड्डाणाला देईल आणि मोजमापाच्या उपकरणावर काट मारील. कॅमेरा, लेसर, क्वार्ट्झची खिडकी आणि अंधाऱ्या खोलीत वर्षानुवर्षे काम करणारा संशोधक तिला चैनीचे वाटतील. मग इंजिन एखादे वेळी उडेलही. पण ते का उडाले हे ठाऊक नसेल, तर मोठे करताना किंवा इंधन बदलताना पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागेल.

२४/
म्हणून एवढीच मागणी. पुढची यादी पुढे ढकलण्याआधी तिच्यात तीन सन घाला : १९२८, १९७३ आणि १९८२. आणि प्रत्येक माख अंकाशेजारी एक रकाना वाढवा : ‘हे कशावरून?’ काही ओळींत तो रकाना कोराच राहील. राहू द्या. कोरा रकाना डोळ्यांसमोर असला की कोणीतरी तो भरायला बसते.